चेंबूरचं कॅबिनेट

रविवार, ९ जून २०२४. रुपये दोन हजार सातशे नव्वद.

या दिवशी, एवढ्या पैशांत, चंद्रप्रकाश राऊळ यांनी घाटकोपरच्या एका दुकानातून कॉम्प्युटरचं रिकामं कॅबिनेट विकत घेतलं. मधल्या आकाराचं, काळं, एका बाजूला काच, पुढे जाळी आणि आत तीन पंखे आयते बसवलेले. दुकानदाराने याहून भारी दोन दाखवली, पण राऊळांनी हात आखडता घेतला, कारण पैसे त्यांचे नव्हते. खोकं मांडीवर घेऊन ते रिक्षात बसले. खोक्यापलीकडचं काही दिसत नव्हतं, तरी रिक्षावाल्याला वाट तेच सांगत होते.

"साहेब, घरच्यासाठी का?" रिक्षावाल्याने विचारलं.

"नाही," राऊळ म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "ओळखीच्यांसाठी."

राऊळ विक्रोळीला राहायचे आणि तिथल्याच एका पॅकिंगच्या कंपनीत अकाउंट्सला होते. वय सत्तावन्न. निवृत्ती दीड वर्षावर आलेली. संपात वडिलांची गिरणी गेली तेव्हा ते दहावीत होते. दिवसा नोकरी आणि सकाळचं कॉलेज करून बी.कॉम. झाले, धाकट्या दोन बहिणींची लग्नं केली, भावाला नालासोपाऱ्याला खोली घेऊन दिली, आईचं आजारपण काढलं. हे सगळं उरकेपर्यंत पंचेचाळिशी उलटली आणि मोठी बहीण कमलताई नवरा गेल्यावर कणकवलीहून कायमची राहायला आली. राऊळांच्या लग्नाचा विषय मधूनमधून निघायचा, चहा होईपर्यंत टिकायचा आणि कपबशांबरोबर आत जायचा. नाकासमोर चालणारा माणूस म्हणून सोसायटीत त्यांना मान होता. सोसायटीचं खजिनदारपद सतरा वर्षं त्यांच्याकडेच होतं, कारण दुसऱ्या कुणाला ते नको होतं.

कॉम्प्युटर जोडायला ते कंपनीतच शिकले. पहिले कॉम्प्युटर आले तेव्हा जोडायला आलेल्या माणसाच्या मागे ते दोन दिवस उभे राहिले, तिसऱ्या दिवशी त्याला पेचकस देऊ लागले. पुढे सोसायटीतल्या निम्म्या घरांची मशिनं त्यांनी जोडली. पैसे घेतले नाहीत. चहा मात्र सगळीकडे घेतला.

चेंबूरच्या ओळखीचं असं झालं. सोसायटीचा वार्षिक अहवाल मराठीत टाइप करणारा विक्रोळीचा माणूस दुकान बंद करून गावी गेला. कुणीतरी चेंबूरच्या 'मोरे डीटीपी'चं नाव सांगितलं. तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, बाहेरच्या खोलीत एक टेबल, त्यावर कॉम्प्युटर, आणि भिंतीवर दोरीला लग्नपत्रिकांचे नमुने लावलेले. हे सगळं दर्शना मोरे चालवायच्या. नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली, मुलगा प्रबुद्ध पुण्याला नोकरीत. घरात त्या आणि त्यांच्या सासूबाई, द्रौपदीबाई. दुष्काळात जालन्याकडून मुंबईला आलेल्या द्रौपदीबाई आता ऐंशीच्या घरात होत्या, पण जीभ तिशीतली होती.

समोरच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, हे राऊळांनी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. त्यात त्यांना काही वाटलं नव्हतं. आणि काही वाटलं नाही याचं त्यांना मनातून थोडं कौतुकही वाटलं होतं.

तीन वर्षं ते अहवालापुरते जात राहिले. सभा सप्टेंबरात, पण राऊळांचा अहवाल मे महिन्यातच तयार असायचा. त्या मे महिन्यात ताळेबंदाच्या दुसऱ्या पानावर दर्शनाबाईंचा कॉम्प्युटर बंद पडला.

"गेला," दर्शनाबाई म्हणाल्या. "तुमच्या सोसायटीचा खर्च बघून त्याला झटका आला."

राऊळ हसले. त्यांनी झाकण काढलं, आतली रॅम काढून खोडरबराने घासली, परत बसवली, आणि मशीन सुरू झालं. पण ते आता फार दिवसांचं नाही, हे दोघांनाही दिसत होतं.

"नवीन घ्यावंच लागणार," दर्शनाबाई म्हणाल्या. "लग्नसराईत बंद पडलं तर वाट लागेल माझी."

"तयार घेऊ नका. मी जोडून देतो." राऊळांनी चष्मा काढून पुसला. "दर महिन्याला एक पार्ट आणू. कर्ज नको, हप्ता नको. तोवर हे जुनं मी चालतं ठेवतो."

"म्हणजे दर महिन्याला तुम्हाला चक्कर."

"चेंबूर काही लांब नाही," राऊळ म्हणाले. त्यांना आजवर कुर्लासुद्धा लांब वाटायचं.

आतून द्रौपदीबाई म्हणाल्या, "येऊ दे की बाई. माणूसच येतोय, वाघ तर नाही ना!"

सगळे पार्ट एका दुकानात, एका दुपारी मिळतात. हात बसलेल्या माणसाला मशीन उभं करायला तीन तास पुरतात. राऊळांना हे चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर त्यांनी सगळ्यात आधी कॅबिनेट आणलं. त्यात काहीच नसतं आणि ते सगळ्यात मोठं दिसतं.

कॅबिनेट बाहेरच्या खोलीत टेबलाशेजारी उभं राहिलं. द्रौपदीबाईंनी काचेतून आत वाकून पाहिलं.

"ह्यात काय कोंबड्या पाळायच्या?"

"आई, पार्ट यायचेत अजून."

"कधी?"

"पुढच्या महिन्यात एक."

"माझ्या हयातीत होईल ना रे बाबा पुरं?" द्रौपदीबाईंनी राऊळांना विचारलं.

दर्शनाबाईंनी कॅबिनेटवर एक विणलेला रुमाल घातला. त्यावर द्रौपदीबाईंच्या गोळ्यांची पिशवी आली.

जुलैत वीजपुरवठ्याचा डबा आला. कॅबिनेट स्वस्तातलं, त्यामुळे मागच्या बाजूला वायरी लपवायला जागा जेमतेम दोन बोटं. वायरी कितीही नीट बांधल्या तरी मागचं पत्र्याचं झाकण फुगायचं, खाचेत बसायचंच नाही. राऊळांनी तीनदा प्रयत्न केला.

"मी दाबू का?" दर्शनाबाईंनी विचारलं. त्या खाली बसल्या, दोन्ही तळवे झाकणावर टेकवले आणि भार दिला. राऊळांनी झाकण सरकवलं. खट्‌ करून बसलं. पुढे दर महिन्याला नवा पार्ट बसला की झाकण लावायचं काम दोघांचं झालं. एकट्याने ते लागतच नव्हतं.

ऑगस्टमध्ये मदरबोर्ड आला. त्याखालचे पितळी पाय बसवताना पत्र्याची धार राऊळांच्या बोटाला लागली. दर्शनाबाई हळद आणायला धावल्या.

"रक्त पार्टावर तर नाही ना पडलं?" द्रौपदीबाईंनी आधी ते विचारलं.

घरी आल्यावर कमलताईंनी बोटाची चिंधी पाहिली. कमलताई घरी अजून मालवणीतच बोलायच्या.

"ह्या काय करून इलंस? आणि हे कोण तुझे चेंबूरचे?"

"मोरे म्हणून आहेत. टाइपिंगचं काम करतात."

"मोरे? म्हणजे आपल्यातलेच मां?"

मोरे मराठ्यांतही असतात आणि बौद्धांतही. मुंबईत आडनाव विचारणारा माणूस खरं म्हणजे दुसरंच काही विचारत असतो, आणि सांगणाऱ्यालाही ते कळतं. राऊळांनी आमटीचा डाव उचलला आणि भातावर ओतला. "आमटी छान झालीय," ते म्हणाले.

खोटं ते बोलले नव्हते. या एका गोष्टीचा आधार त्यांना पुढे बरेच महिने पुरला.

सप्टेंबरात गणपतीला ते बहिणीबरोबर गावी गेले, परत आले तो पितृपक्ष लागला. नवीन वस्तू घ्यायची नाही म्हणून कमलताईंनी बजावलं. राऊळ रिकाम्या हाताने चेंबूरला गेले आणि कारण सांगून बसले.

"आमच्याकडे नसतो पितृपक्ष," दर्शनाबाई हसून म्हणाल्या. "पार्ट माझा आहे ना? मग तो कुणाच्या पितरांना विचारून घ्यायचा?"

"तसं नाही... घरी ताई..."

"असू द्या. आलात ना, तेवढं पुरे. चहा टाकते."

त्या 'पुरे'वर राऊळांनी सगळा सप्टेंबर काढला.

दसऱ्याला मात्र ते प्रोसेसर घेऊन गेले. त्या घरात त्या दिवशी त्यांचा वेगळा सण होता, दर्शनाबाई पांढऱ्या साडीत होत्या, आणि ताटात खीर होती. राऊळांनी खीर दोनदा घेतली. खिशात आपट्याची पानं होती, ती द्यावीत की नाही हे त्यांना ठरवता आलं नाही. निघताना द्रौपदीबाईंनीच हात पुढे केला. "आणलंयस तर दे की सोनं. खिशात वाळवतोस कशाला?"

त्यांनी आणलेला प्रोसेसर थोडा स्वस्तातला होता. त्यात पडद्यावर चित्र दाखवायची सोय नव्हती, त्यासाठी वेगळं ग्राफिक कार्ड लागणार होतं. एरवी पत्रिका टाइप करायला ग्राफिक कार्ड लागत नाही. पण कार्ड म्हणजे आणखी एक महिना. हिशोबात मागे-पुढे न करणाऱ्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा हिशोब असा फिरवला होता. दर्शनाबाईंनी प्रोसेसरचं खोकं उलटसुलट करून वाचलं, राऊळांकडे एकदा पाहिलं, आणि काही न बोलता पैसे दिले.

नोव्हेंबरात रॅम, डिसेंबरात फाइली साठवायची एसएसडी. राऊळ आता सकाळी दहाला यायचे आणि जेवून जायचे. एका रविवारी द्रौपदीबाई भाकरी थापता थापता सुनेला म्हणाल्या, राऊळांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "ह्या माणसानं तुला अजून एकदाही ताई म्हटलं नाही, बघितलंस का? सगळं चेंबूर म्हणतं."

खरं होतं ते. राऊळ आधी 'मॅडम' म्हणायचे. मग तेही सुटलं आणि नुसतं 'अहो' उरलं. दर्शनाबाईंचं 'राऊळ साहेब'मधलं साहेब दिवाळीच्या सुमारास गळलं होतं.

डिसेंबरातच एक गिऱ्हाईक पत्रिकेचा मजकूर घेऊन आलं. जाधव म्हणून कुणी. दर्शनाबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "वर काय छापायचं?"

ते गृहस्थ गेल्यावर त्या राऊळांना म्हणाल्या, "नाव, तारीख, हॉल, सगळं नंतर. आधी हे विचारते. आडनावावरून काही कळत नाही. एकदा न विचारता गणपती टाकला, दोनशे पत्रिका फुकट गेल्या. तेव्हापासून कान पकडला. वर काय छापायचं ते ठरल्याशिवाय खालचं एक अक्षर टाइप करत नाही."

"बरोबर आहे," राऊळ म्हणाले, आणि एसएसडीचा स्क्रू शोधू लागले.

जानेवारीत कार्ड आणायला हवं होतं. राऊळ म्हणाले, किमती उतरतील, थांबू. दर्शनाबाईही म्हणाल्या, थांबू. पण आता थांबण्याला सीमा होती. मशीन पुरं झालं की विचारायचं, असं राऊळांनी मनाशी पक्कं केलं. काम पुरं झाल्याशिवाय बिल काढायचं नाही, ही त्यांची जन्माची सवय.

फेब्रुवारी लागला तसं त्यांनी लग्नाचं मनात असल्याचं कमलताईंना सांगितलं. चपात्या लाटणाऱ्या कमलताईंचा हात थांबला. त्यांनी पदर डोळ्याला लावला.

"आमच्यापायी ऱ्हवलंस रे तू. माका काय ता दिसत नव्हता? किती वर्सां देवाक सांगतंय. कधी बघूक जावचा?"

मोरे म्हणजे कुठले, ते राऊळ सांगणार होते. वाक्य तयार होतं. पण बहिणीचा चेहरा इतक्या वर्षांत असा उजळलेला त्यांनी पाहिला नव्हता. तो आत्ताच कशाला विझवायचा, असं त्यांना वाटलं. एकदा तिथे गेली, माणसं पाहिली, चार शब्द बोलली, की तिचं तिलाच कळेल. कळलं की वळेलही. भिंतीवरच्या तसबिरी काय लपून राहणार आहेत? आणि दर्शनाबाईंना त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं, "रविवारी ताई येतेय बरोबर. मशीन सुरू होताना बघायला."

मग दर्शनाबाई म्हणाल्या, "या ना. जेवायलाच या."

९ फेब्रुवारीला दोघं चेंबूरला पोचले. कमलताईंनी नवी साडी नेसली होती. पिशवीत नारळ, पेढे आणि एक साडी होती. दर्शनाबाईंनी दार उघडलं. खोली आवरलेली, जमीन पुसलेली, आतून वाटणाचा वास येत होता.

कमलताई आत आल्या, खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी समोर पाहिलं. मग भिंतीवरून नजर काढून ती पत्रिकांवर नेली, पत्रिकांवरून जमिनीवर आणली. पिशवी त्यांनी मांडीवरच ठेवली.

राऊळांनी हे सगळं पाहिलं. त्यांनी पेचकस काढला आणि कॅबिनेटसमोर मांडी घातली. ग्राफिक कार्ड बसवायला दहा मिनिटं लागतात. त्यांनी ते फार काळजीने बसवायला घेतलं.

द्रौपदीबाई स्टीलच्या तांब्या-पेल्याने पाणी घेऊन आल्या. "घ्या बाई. उन्हातून आलात."

"नको," कमलताई म्हणाल्या. "माझा... उपास आहे."

द्रौपदीबाई पेला धरून तशाच उभ्या राहिल्या. हा नकार त्यांच्या ओळखीचा होता. गावच्या विहिरीपासून ओळखीचा होता.

"उपासाला पाणी चालतं, बाई," त्या म्हणाल्या.

पेला टीपॉयवर ठेवला गेला. सकाळी कमलताईंनी बशीभर पोहे खाल्ले होते, हे खोलीत फक्त राऊळांना माहीत होतं.

बोलायची वेळ ती होती. एक वाक्य पुरलं असतं. ताई, पाणी घे. किंवा, चूक माझी आहे. काहीही चाललं असतं. राऊळांनी कार्डाचा स्क्रू आवळला. तो आधीच आवळलेला होता. मग त्यांनी मागचं झाकण उचललं आणि लावायला गेले. वायरी फुगलेल्या, झाकण बसेना. त्यांनी गुडघा लावला, कोपर लावलं. दर्शनाबाई दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. त्या वाकल्या नाहीत.

"तुम्ही घरी सांगितलं नव्हतं?" त्यांनी विचारलं. आवाज चढा नव्हता.

राऊळांनी झाकणावरची नजर उचलली नाही. "आडनाव सांगितलं होतं."

हे आपल्या तोंडून काय गेलं, ते त्यांना लगेच कळलं. पण गेलं होतं.

दर्शनाबाईंनी खाली वाकून बटण दाबलं. झाकण उघडंच होतं. तिन्ही पंखे फिरले, पडदा उजळला, मशीन पहिल्याच फटक्याला सुरू झालं. राऊळांनी जोडलेलं मशीन कधी दुसरा फटका घेत नसे.

"झालं पुरं," दर्शनाबाई म्हणाल्या.

जेवण झालं नाही. निघताना कमलताई नारळ-पेढ्यांची पिशवी खुर्चीवर विसरल्या. की ठेवून आल्या, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

घरी आल्यावर कमलताईंनी चपलाही न काढता माठातून पाणी घेतलं. दोन पेले उभ्याने प्यायल्या.

"तहान लागली होती माका," त्या म्हणाल्या. "जीव जाय सारखी. पण हात पुढे गेलोच नाय. मीया काय करू?"

राऊळ आपल्या चपला कोपऱ्यात नीट लावत होते.

"आता तरी बोल! माका आधी सांगलंस असतं, तर काय मी तुका मारलंय असतंय? रडलंय असतंय, दोन दीस जेवलंय नसतंय. मगे काय ता ठरवलंय असतंय. तू माका तशीच नेऊन उभी केलंस. त्या म्हातारीच्या हातात पेलो ऱ्हवलो, चंदू. तिच्या तोंडाकडे बघवला नाय माझ्यान." आणि मग, दाराच्या चौकटीला टेकून, "तिका पण तोंडघशी पाडलंस आणि माका पण."

सत्तावन्न वर्षांत कुणी त्यांना असं बोललं नव्हतं. बोलण्यासारखं त्यांनी काही केलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी ते एकटे गेले. हातात काहीतरी असावं म्हणून कॅबिनेटवर चिकटवायची, धूळ अडवणारी चुंबकाची जाळी घेतली. तीनशे चाळीस रुपये. दर्शनाबाईंनी दार उघडलं, बसायला सांगितलं, चहा दिला. मागचं झाकण बसलेलं होतं.

"हे कुणी लावलं?"

"मी आणि आईंनी. बसा, राऊळ साहेब."

साहेब परत आले होते. राऊळांनी कप खाली ठेवला.

"मी आता सगळं सांगितलंय घरी. ताईला वाईट वाटतंय. मला तुम्हाला विचारायचं होतं..."

"माहीत आहे काय विचारायचं होतं. ऑगस्टपासून माहीत आहे." दर्शनाबाई खुर्ची वळवून बसल्या. "प्रबुद्धने तेव्हाच सगळे पैसे पाठवले होते. म्हणाला, आई, एकदम घेऊन टाक. मीच म्हटलं, नको, येऊ दे एकेक. आणि तो चित्र न दाखवणारा प्रोसेसर का आणलात, तेही मला त्याच दिवशी कळलं. इतकं बरं वाटलं होतं मला."

राऊळांनी मांडीवरची जाळी उगाच सरळ केली.

"मला तुमच्या ताईंचा राग नाही," त्या म्हणाल्या. "त्यांनी केलं ते समोर केलं. पण तुम्ही आम्हाला समोरासमोर बसवलंत आणि स्वतः स्क्रू फिरवत बसलात. तुम्ही सांगायचं ते माझ्या भिंतीनं सांगावं, असं वाटलं तुम्हाला. आणि आईंच्या हातात तो पेला. या वयात. माझ्या घरात."

"चुकलं माझं."

"हो." दर्शनाबाईंनी कपबशी बाजूला सारली. "मी प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिलं काय विचारते, ठाऊक आहे ना तुम्हाला? डिसेंबरात एकदा मनात आलं, यांनाही विचारावं. मग म्हटलं, होऊ दे मशीन पुरं, स्वतःच सांगतील." त्यांनी राऊळांकडे सरळ पाहिलं. "काय छापणार होतात वर?"

राऊळांनी आठ महिन्यांत मदरबोर्डला कुठली रॅम चालते, डब्याला किती वॅट झेपतात, कार्ड लांबीला बसेल का, सगळं तपासलं होतं. हे एक त्यांच्या मनातच आलं नव्हतं.

"मग नको," दर्शनाबाई म्हणाल्या. हे त्या कडवटपणे बोलल्या नाहीत. डोळे भरले होते, पण शब्द नीट आले. "या घरात मान खाली न घालता अकरा वर्षं काढलीत मी. आता कुणी दार उघडतंय का बघत बाहेर उभी राहणार नाही. तुम्ही वाईट नाही आहात. पण माझ्या बाजूने कधी बोलायची वेळ आली, तर तुम्ही पेचकस शोधाल."

त्यांनी ड्रॉवरमधून पाचशेची नोट काढून जाळीचे पैसे दिले. राऊळांनी खिसे चाचपले. सुट्टे नव्हते.

"राहू द्या," दर्शनाबाई सवयीने म्हणाल्या. "पुढच्या वेळी द्या."

ते शब्द दोघांनीही ऐकले. राऊळांनी नोट खिशात ठेवली आणि चपला घातल्या.

एप्रिलमध्ये एका दुपारी कमलताई कुणाला न सांगता बस धरून चेंबूरला गेल्या. संध्याकाळी राऊळ कामावरून आले तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या.

"चेंबूराक जावन इलंय," मान वर न करता त्या म्हणाल्या. "म्हातारीन दार उघडल्यान. मी म्हटलंय, पाणी देतास काय? तर म्हणता कशी, 'उपास सुटला का?'"

"मग?"

"मगे काय. हसलंय. रडलंय पण. दोन पेले पाणी पिलंय, चाय घेतलंय. किती साखर घालता रे ती, चायत! आपल्या त्या नारळाची म्हणे चटणी केल्यानी." निवडलेले तांदूळ त्यांनी सुपात सारखे केले. "बरी माणसां आसत."

"आणि... त्या?"

"चांगली बोलली. माझ्याच बाजूक बसान जेवली. पण तुझो विषय काढलंय, तशी उठान मशीनवर गेली."

तेव्हापासून कमलताई महिन्यातून एखादी फेरी करतात. दसऱ्याला त्या तिथे खीर खाऊन आल्या. द्रौपदीबाईंच्या गुडघ्यांसाठी गावाहून तेल मागवलं. येताना त्या खबर आणतात, कारण राऊळ विचारत नाहीत, पण वर्तमानपत्राचं पान उलटायचे थांबतात.

"तुझो कॉम्प्युटर बरो चलता. पंखो मात्र आवाज करता थोडो."

"पुढच्या पंख्यात धूळ बसली असेल," राऊळ म्हणतात. "ओला फडका लावू नका म्हणावं. कोरड्या ब्रशने झाडायचं."

"तू जावन सांग."

राऊळ पान उलटतात.

ते नोव्हेंबर २०२५च्या अखेरीला निवृत्त झाले. सोसायटीचा अहवाल आता ते विक्रोळीतच, स्वतःच्या मोबाइलवर, एका बोटाने टाइप करतात. त्यांनी दुसऱ्या कुणाचं मशीन त्यानंतर जोडलेलं नाही.

पाचशेच्या नोटेतून जाळीचे तीनशे चाळीस वजा जाता श्रीमती दर्शना मोरे यांचे एकशे साठ रुपये चंद्रप्रकाश राऊळ यांच्याकडे राहिले. कमलताईंच्या हातून पाठवता येतील, फोनवरूनही पाठवता येतील. ते अजून दिलेले नाहीत.